चिखलातलं चाक आणि त्याचं कुलूप

बैलगाडीला डिफरन्शियल लागत नाही. तिची दोन्ही चाकं आखावर मोकळी फिरतात, ओढ असते ती बैलांच्या खांद्यावर. वळणावर बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. कुणाचं कुणावाचून अडत नाही. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांनी वर्षानुवर्षं अशाच गाड्यांतून ऊस वाहिला.

भानगड सुरू झाली ती इंजिन चाकं फिरवू लागल्यावर. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट जोडली, तर वळताना एक तरी घासत जाणार. 1820च्या दशकाच्या अखेरीस ओनेसिफोर पेकर या फ्रेंच कारागिराने वाफेच्या गाडीसाठी यावर दात्यांच्या चाकांची युक्ती काढली. दोन्ही चाकांना ओढ सारखी, वेग मात्र ज्याचा त्याचा. हेच डिफरन्शियल.

पण ‘ओढ सारखी’ हीच मेख आहे. काळ्या मातीच्या चिखलात एक चाक घसरलं, की त्याला फिरवायला जोर जवळपास लागतच नाही. मग कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच नगण्य जोर मिळतो. एक चाक गरगरतं, दुसरं ढिम्म. महायुद्धातल्या विलीज जीपचंही हेच दुखणं होतं. चारही चाकांना इंजिनची ओढ असली, तरी पुढचं एक आणि मागचं एक चाक घसरलं की ती अडायची. स्वातंत्र्यानंतर महिंद्राने मुंबईत जोडलेल्या जीपही त्याच घराण्यातल्या.

उपाय म्हणजे दोन्ही चाकांना तेवढ्यापुरतं कुलूप घालणं. ट्रॅक्टरवर ते ड्रायव्हरच्या पायात असतं: पेडल दाबलं की मागची दोन्ही चाकं एकजीव. वळण्याआधी मात्र ते सोडायलाच हवं. नाहीतर ट्रॅक्टर सरळच रेटत राहतो आणि दात्यांवर ताण येतो.

आपोआप लागणारं कुलूप हे काम स्वतःच करतं. 1970च्या दशकात अमेरिकन पिकअपमध्ये आलेल्या ईटन कंपनीच्या रचनेत छोट्या वजनांचा एक गव्हर्नर असतो, जेम्स वॅटच्या वाफेच्या इंजिनावर होता त्याच जातकुळीचा. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण 100 फेऱ्यांचा फरक पडला, की वजनं बाहेर फेकली जाऊन खिटीत अडकतात. त्या अडण्याने क्लचच्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि दोन्ही चाकं बरोबर फिरू लागतात. साध्या वळणावर एवढा फरक पडत नाही. गाडीने ताशी तीसेक किलोमीटरचा वेग ओलांडला, की दुसरं वजन कुलूप लागूच देत नाही. 2015च्या थारमध्ये मागच्या चाकांना ईटनचंच असं कुलूप होतं.

जुने ट्रॅक्टरवाले आणखी एक युक्ती जाणतात. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. गरगरणाऱ्या चाकाचा तेवढा ब्रेक दाबायचा, म्हणजे जोर दुसऱ्याकडे वळतो. आजच्या अनेक गाड्यांतला संगणक नेमकं हेच करतो. फक्त ब्रोशरमध्ये त्याला भारी नाव असतं.

फडातल्या ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीची चाकं अजून बैलगाडीसारखीच मोकळी आहेत. सगळी भिस्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर. ती रुतली, तर तोडलेला ऊस वाळत पडतो, त्याचं वजन घटतं. आणि तोडणीची मजुरी टनावर ठरते. एका चाकाच्या घसरण्याची किंमत ज्यांच्या डोक्यावरून मोळ्या ट्रॉलीत चढल्या, त्यांच्याच हिशेबातून वजा होते.