मधुमेहींना हार्ट अटॅक आल्यास ऑक्सिजन लावावा का?

कोरोनाच्या काळात अनेक घरांत ऑक्सिमीटर आला. तेव्हापासून छातीत दुखू लागलं की आधी बोटाला ऑक्सिमीटर लावला जातो. आकडा ९८ दिसला की घरचे निश्चिंत होतात. हार्ट अटॅकमध्ये मात्र हा आकडा फसवा ठरू शकतो.

ऑक्सिजनने फायदा का होत नाही?

हार्ट अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी गुठळीमुळे बंद होते. रक्तात ऑक्सिजन पुरेसा असतो, पण ते रक्त अडथळ्यापलीकडे पोहोचत नाही. म्हणून ऑक्सिमीटर ९८ दाखवत असतानाही अटॅक आलेला असू शकतो. गरज नसताना जास्त ऑक्सिजन दिला, तर हृदयाच्या रक्तवाहिन्या उलट आकुंचन पावू शकतात.

अभ्यास काय सांगतो?

स्वीडनमध्ये हार्ट अटॅकचा संशय असलेल्या ६,६२९ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. सगळ्यांची ऑक्सिजन पातळी ९० टक्के किंवा त्याहून जास्त होती. साधारण निम्म्यांना मास्कने मिनिटाला ६ लिटर ऑक्सिजन दिला, बाकीच्यांना साध्या हवेवर ठेवलं. २०१७ मध्ये निष्कर्ष आले: वर्षभरातील मृत्यूंचं प्रमाण अनुक्रमे ५.० आणि ५.१ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. पुढे यातल्या मधुमेही रुग्णांचा वेगळा विचार झाला. त्यांना धोका इतरांपेक्षा जास्त होता, तरीही ऑक्सिजनचा विशेष फायदा दिसला नाही.

मग ऑक्सिजन कधी देतात?

हार्ट अटॅकच्या रुग्णाची पातळी ९० टक्क्यांखाली गेली, तर ऑक्सिजन लागतोच. तो निर्णय डॉक्टरांचा. मधुमेहींच्या पायाच्या चिवट जखमांसाठी काही वेळा उच्च दाबाच्या कक्षात ऑक्सिजन देतात, पण तो उपचार वेगळा आहे.

मधुमेहींनी काय लक्षात ठेवावं?

मधुमेहात नसांवर परिणाम झाल्याने काही वेळा अटॅक येऊनही छातीत फारसं दुखत नाही. अचानक दम लागणं, दरदरून घाम, मळमळ, कमालीचा थकवा, जबडा किंवा हात दुखणं, एवढंच जाणवू शकतं. ‘साखर उतरली असेल’ किंवा ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून हे अंगावर काढू नका. साखर जरूर तपासा, पण त्यासाठी थांबून राहू नका. १०८ ला फोन करा आणि ईसीजीची सोय असलेलं रुग्णालय गाठा. बंद रक्तवाहिनी जितकी लवकर उघडेल, तितका हृदयाचा स्नायू वाचतो.