‘वारस’ या शब्दावरील तळटीप

१९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवेला मुलांच्या बरोबरीने वाटा मिळतो. पण कलम २(२)नुसार, केंद्राने अधिसूचना काढल्याखेरीज तो अनुसूचित जमातींना लागू नाही. गडचिरोलीतल्या गोंड-माडिया विधवेचा हक्क त्यामुळे रूढीवर टांगलेला राहतो. सातबाऱ्याच्या फेरफारात दिराचे नाव चढावे आणि जिने त्या बांधीत रोवणी केली तिचे राहून जावे, हा अन्यायच. २००६च्या वनहक्क कायद्यात मात्र विवाहितांचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे असतो. ते नाव तिला नवऱ्यामागे मागावे लागत नाही. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधील एका गोंड स्त्रीच्या वारसांना तिच्या वडिलांकडील जमिनीत समान वाटा दिला. स्त्रीला वगळणारी रूढी असल्यास ती विरोधकांनी सिद्ध करावी, असे न्यायालयाने म्हटले.