युद्ध संपलं, हे स्टॅनला कोणी सांगितलंच नाही

लॉरेल आणि हार्डी म्हणजे आपले जाड्या-रड्या. जर्मन लोक त्यांना ‘जाड्या आणि मठ्ठ’ म्हणतात. मला आपलं बारसं जास्त आवडतं, कारण स्टॅन लॉरेल मठ्ठ आहे की नाही याबद्दल मला दाट शंका आहे. ही शंका १९३८ च्या ‘ब्लॉकहेड्स’ या सिनेमामुळे आली. गंमत म्हणजे या नावाचा अर्थच ‘ठोंबे’ असा होतो!

गोष्ट सुरू होते १९१७ मध्ये, फ्रान्समधल्या खंदकात. पलटण हल्ल्याला निघते आणि स्टॅनला हुकूम मिळतो की तू मागे थांबायचं, दुसरा हुकूम येईपर्यंत खंदकावर पहारा द्यायचा. बाकीचे जातात. पुढच्या वर्षी ११ नोव्हेंबरला युद्धबंदी होते, सगळे घरी जातात. आणि मग पडद्यावर येतं १९३८. स्टॅन अजून पहारा देतोय. चालून चालून त्याच्या वाटेचा खोल चर झालाय. शेजारी बीन्सच्या रिकाम्या डब्यांचा डोंगर. वरून विमान जातं, हा इमानेइतबारे त्याच्यावर गोळ्या झाडतो. शेवटी त्या विमानाचा चिडलेला वैमानिक त्याला सांगतो, अरे बाबा, युद्ध संपून वीस वर्षं झाली.

आता यात चूक कोणाची? आमच्या धंद्यात हा प्रकार रोजचा आहे. एक प्रोसेस सुरू करायची, तिला सांगायचं की सिग्नल येईपर्यंत थांब, आणि सिग्नल पाठवणारा प्रोग्रॅमच बंद करून टाकायचा. टाइमआउट ठेवायचा विसरलेलात? मग ती बिचारी थांबलेलीच राहणार. महिन्याभराने सर्व्हर हळू का चाललाय म्हणून कोणीतरी बघतं, तेव्हा ती सापडते. पण त्या प्रोसेसला मठ्ठ कोणी म्हणत नाही. तिने सांगितलेलं काम चोख केलेलं असतं. बग तिला सुरू करून विसरून जाणाऱ्याचा.

हा विनोद तसा नवा नव्हता. मूकपटांच्या काळातला मोठा विनोदवीर हॅरी लँग्डन १९२६ मध्ये ‘सोल्जर मॅन’मध्ये युद्ध संपल्याचा पत्ता नसलेला सैनिक झाला होता, आणि ‘ब्लॉकहेड्स’च्या लेखकांमध्ये तोही आहे. पण १९३८ च्या अमेरिकेत ‘विसरलेला सैनिक’ म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यासमोर नुसता विनोद येत नसणार. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

पहिल्या महायुद्धात सुमारे वीस लाख अमेरिकन सैनिक युरोपात गेले. १९२४ मध्ये सरकारने ठरवलं की देशात काढलेल्या प्रत्येक दिवसाला १ डॉलर आणि परदेशातल्या दिवसाला सव्वा डॉलर या हिशोबाने त्यांना बोनस द्यायचा. फक्त एक बारीक अट होती. बहुतेकांच्या हातात पैसे नाहीत, सर्टिफिकेट. पैसे मिळणार १९४५ मध्ये! मग १९२९ मध्ये बाजार कोसळला, नोकऱ्या गेल्या, आणि १९३२ च्या उन्हाळ्यात हजारो माजी सैनिक, कित्येक जण बायकामुलांसकट, वॉशिंग्टनमध्ये येऊन राहिले. मागणी एकच, आमचे पैसे आत्ता द्या. सिनेटने ती फेटाळली. २८ जुलैला पोलिसांच्या गोळीबारात दोन माजी सैनिक मेले, आणि त्याच दिवशी जनरल मॅकआर्थरने घोडदळ, रणगाडे आणि अश्रुधूर वापरून सगळ्यांना हुसकावून लावलं. त्यांच्या झोपड्या जाळल्या गेल्या. ज्या सैन्यात ते लढले, तेच सैन्य! पैसे मंजूर झाले ते थेट १९३६ मध्ये, तेही अध्यक्ष रूझवेल्ट यांचा नकाराधिकार मोडून काढून.

म्हणजे ‘ब्लॉकहेड्स’ आला तेव्हा या गोष्टीला साधारण अडीच वर्षं झाली होती. आता सिनेमातला पुढचा प्रसंग बघा.

ऑली पेपरमध्ये स्टॅनचा फोटो बघतो आणि सैनिकांच्या आश्रमात त्याला भेटायला जातो. असे सरकारी आश्रम अमेरिकेत यादवी युद्धानंतर निघाले. त्यांतला एक लॉस एंजेलिसच्या सॉटेल भागात होता, हा सिनेमा जिथे बनला त्या कल्व्हर सिटीतल्या हॅल रोच स्टुडिओपासून काही मैलांवर. तर, स्टॅन तिथे एका व्हीलचेअरवर एक पाय दुमडून आरामात बसलाय. ऑलीला वाटतं, याचा पाय गेला. त्याचा गळा दाटून येतो. तो स्टॅनला घरी न्यायचं ठरवतो, त्याला चक्क उचलून घेऊन चालायला लागतो, धडपडतो, घामाघूम होतो. बऱ्याच वेळाने लक्षात येतं की गड्याचे दोन्ही पाय शाबूत आहेत. ऑली भडकतो, आधी का नाही सांगितलंस? स्टॅनचं उत्तर, तू विचारलंच नाहीस.

मी या प्रसंगावर पहिल्यांदा नुसता खो खो हसलो. दुसऱ्यांदा बघताना जाणवलं की इथे चेष्टा पाय गेलेल्या माणसाची नाहीये, दया करणाऱ्याची आहे. ऑली मनाने चांगलाच आहे. पण त्याने ठरवून टाकलंय की समोरच्याचं काय झालंय आणि त्याला काय हवंय. विचारायचं मात्र राहून गेलं. सैन्य सांगायला विसरलं, मित्र विचारायला विसरला. दोघांच्या मध्ये स्टॅन, तक्रार न करता बसलेला.

पुढचा सिनेमा नेहमीचा धुडगूस आहे. तेरा मजले जिने, मारामारी, स्वयंपाकघरात स्फोट, ऑलीच्या संसाराची पार वाट. मार्विन हॅटलीच्या संगीताला ऑस्करचं नामांकनही होतं.

या विनोदाचा खरा धक्का ३६ वर्षांनी बसला. हिरू ओनोदा हा जपानी अधिकारी फिलिपिन्सच्या लुबांग बेटावर १९७४ पर्यंत दुसरं महायुद्ध लढत होता. युद्ध संपल्याची पत्रकं विमानातून टाकली, त्याला ती शत्रूची चाल वाटली. वरिष्ठाचा हुकूम आल्याशिवाय शरण येणार नाही, यावर तो ठाम. शेवटी त्याचा जुना मेजर तानिगुची, जो तोवर पुस्तकविक्रेता झाला होता, तिथे गेला आणि त्याने हुकूम वाचून दाखवला. मगच ओनोदाने रायफल खाली ठेवली. सिग्नल मिळाला, प्रोसेस थांबली. पण मधल्या काळात ओनोदा आणि त्याच्या साथीदारांच्या हातून सुमारे ३० गावकरी मेले होते. ती माणसं कुठल्याच युद्धात नव्हती. स्टॅनच्या आसपास पडद्यावर बीन्सच्या डब्यांखेरीज कोणी नाही, म्हणून आपण निवांत हसू शकतो.

हार्डी १९५७ मध्ये गेला, लॉरेल १९६५ मध्ये. ओनोदाची बातमी दोघांनाही कळली नाही.

असो. सिनेमा जेमतेम तासाभराचा आहे, रविवारच्या जेवणानंतर आरामात बघून होतो. फक्त सुरुवातीचा खंदकाचा भाग ‘खरी धमाल नंतर आहे’ म्हणून पुढे ढकलू नका. आणि सोमवारी ऑफिसला गेल्यावर, आपण कोणाला ‘मी सांगेपर्यंत थांब’ म्हणून ठेवलंय का, ते एकदा आठवून बघा.