विद्युतदाब घटला की मोटार का जळते?

धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यात विहीर-बोअरच्या पाण्यावर पीक जगविणाऱ्या शेतकऱ्यासाठी मोटार जळणे हे ऐन हंगामातील संकट. त्याचे कारण साध्या गणितात आहे. ओहमच्या नियमानुसार विद्युतदाबाला प्रवाहाने भागले, की रोध मिळतो; दोहोंचा गुणाकार म्हणजे शक्ती.

230 व्होल्टवर 5 अँपिअर प्रवाह घेणाऱ्या हीटरचा रोध 46 ओहम, तर शक्ती 1150 वॅट. दाब 184 व्होल्टवर घसरल्यास प्रवाह 4 अँपिअर व शक्ती 736 वॅट होते. पाणी उशिरा तापते, एवढेच.

पंपाच्या मोटारीचे उलट असते. भार कायम असल्याने दाब घटताच ती अधिक प्रवाह खेचते. वाइंडिंगमधील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह 20 टक्के वाढला, तर उष्णता 44 टक्के वाढते. अशा वेळी मोटार बंद ठेवणेच हिताचे.