काचेतला पाऊस: बेडकांच्या घरातील ऊब आणि उजेड यांचा इतिहास

जानेवारीच्या पहाटे मुनिरकेच्या अरुंद गल्ल्यांत धुके उतरते, तेव्हा पारा सहा-सात अंशांपर्यंत घसरलेला असतो. मे महिन्याच्या दुपारी तोच चाळिशी ओलांडतो. अशा शहरातल्या एखाद्या खोलीत शेवाळ, नेचे आणि दक्षिण अमेरिकेतील इवले रंगीत बेडूक असलेली काचपेटी ठेवायची, तर तिच्या आत वर्षभर २२ ते २६ अंशांचा दमट वर्षावनी दिवस टिकवावा लागतो. ऊब द्यावी तर हवा कोरडी होते. वनस्पतींसाठी प्रकाश वाढवावा तर बेडूक भाजून निघतात. ही कोंडी फोडायला विज्ञानाला जवळजवळ दोन शतके लागली. त्या प्रवासाचा एक धागा भारतातून जातो, आणि आपल्या सह्याद्रीतूनही.

प्रारंभ लंडनच्या धुरकटलेल्या हवेत झाला. नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड हे शहराच्या पूर्व भागात वैद्यकी करणारे वनस्पतिप्रेमी. कोळशाच्या धुराने त्यांच्या बागेतील नेचे तग धरीनात. १८२९ मध्ये त्यांनी एका पतंगाचा कोश ओलसर मातीत ठेवून बाटली बंद केली. काही दिवसांनी त्या मातीतून नेच्याचे आणि गवताचे कोंब वर आलेले त्यांना दिसले. दिवसा मातीतील ओलावा वाफ होऊन काचेवर जमत होता आणि थेंबाथेंबाने पुन्हा मातीत झिरपत होता. बंद काचेत एक लहानसे जलचक्र सुरू झाले होते, आणि बाहेरची काजळी आत शिरत नव्हती. १८३३ मध्ये अशा दोन पेट्या रोपांसह जहाजाने सिडनीला रवाना झाल्या, आणि कित्येक महिन्यांच्या सागरी प्रवासानंतर रोपे जिवंत पोचली. १८४२ मध्ये वॉर्ड यांनी या प्रयोगांवर पुस्तक लिहिले. हिवाळ्यातल्या दिल्लीच्या हवेत श्वास घेणाऱ्या वाचकाला या शोधाचे मूळ वेगळे समजावून सांगायला नको.

‘वॉर्डची पेटी’ लवकरच साम्राज्याचे हत्यार बनली. रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधून चहाची हजारो रोपे अशाच पेट्यांतून हिमालयाच्या पायथ्याशी आणली. परंतु पेटीची मर्यादाही भारताच्या वाटेवरच उघड झाली. १८६० मध्ये क्लेमेंट्स मार्कहॅम यांनी पेरूमधून मिळवलेली सिंकोनाची रोपे तांबड्या समुद्रातून मुंबईमार्गे निलगिरीकडे निघाली. वाटेतल्या प्रखर उष्म्याने ती होरपळली आणि त्यांपैकी बहुतेक मेली. काच ऊन आत घेते, पण उष्णता सहजी बाहेर सोडत नाही. बंद पेटी ओलावा जपते तशीच उष्णताही साठवते, हा धडा तेव्हा रोपांनी प्राण देऊन शिकवला. पुढे बेडकांनीही तेच केले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काचपेटीत प्राणी आले. योहान फॉन फिशर यांचा ‘दास टेरारियम’ हा जर्मन ग्रंथ १८८४ चा. ग्रेगरी बेटमन यांचे ‘द व्हायव्हेरियम’ हे इंग्रजी पुस्तक १८९७ चे. त्या काळी ऊब देण्याचे साधन म्हणजे तळाच्या धातूच्या पत्र्याखाली ठेवलेला तेलाचा वा गॅसचा दिवा, किंवा गरम पाण्याची टाकी. खालून ऊब देण्याची ही पद्धत सरड्यांना एक वेळ चालली असती. बेडकाचे मात्र तसे नाही. ऊन असह्य झाले की जमिनीत घुसणारे अनेक बेडूक खोल उकरतात, कारण निसर्गात खाली गारवा असतो. इथे खाली विस्तव होता. जीव वाचवण्याची उपजत बुद्धीच त्यांना चटक्याकडे नेत होती. आजही उबेची चटई पेटीच्या तळाशी न लावता बाजूच्या काचेवर, तापमान-नियंत्रकासह लावावी, असे सांगतात त्यामागे हेच कारण आहे.

दुसरी अडचण हवेची. १० अंश तापमानाची पूर्ण दमट, धुक्याने भरलेली हवा घेतली, तर तिच्या प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे ९.४ ग्रॅम बाष्प असते. तीच हवा २५ अंशांपर्यंत तापवली की ती २३ ग्रॅम बाष्प सामावू शकते. बाष्प तेवढेच राहते, पण सापेक्ष आर्द्रता १०० टक्क्यांवरून ४१ टक्क्यांवर येते. बाहेर धुके असतानाही खोलीत हीटर लावला की ओठ फुटतात ते यामुळेच. माणसाला जाड त्वचेचे कवच आहे. बेडूक त्वचेतूनच पाणी घेतो आणि श्वसनाचा मोठा भागही तिच्यातूनच करतो. म्हणून त्याच्यासाठी ऊब आणि ओल या गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. हवा तापवायची तर पाण्याचा पुरवठाही त्याच प्रमाणात वाढवावा लागतो.

प्रकाशाची कथा याहून लांबली. तापलेल्या तारेचा विजेचा दिवा घरोघरी आला, परंतु तो विजेच्या जेमतेम ५ टक्के भागाचा दृश्य प्रकाश करतो, उरलेली उष्णता. शेवाळ हिरवे राहील इतका उजेड अशा दिव्याने दिला, तर पेटीची भट्टी होणारच. १९३८ मध्ये बाजारात आलेल्या प्रतिदीप्त नळ्यांनी हा ताण कमी केला. खरी सुटका झाली ती निळ्या एलईडीमुळे. १९९० च्या दशकाच्या आरंभी जपानमध्ये सिद्ध झालेल्या या दिव्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी भारतात उजाला योजना सुरू झाली आणि एलईडी स्वस्त झाले. प्रकाश आणि उष्णता यांची फारकत झाली. दोन्ही स्वतंत्रपणे मोजून देता येऊ लागले.

एक प्रश्न तरीही उरला होता. १९१९ मध्ये बर्लिनचे बालरोगतज्ज्ञ कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील दिव्याने मुडदूस बरा होतो, हे दाखवले. ड जीवनसत्त्वासाठी त्वचेला सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे किरण लागतात, आणि साधी काच नेमके हेच किरण अडवते. म्हणजे काचेच्या झाकणावर ठेवलेला अतिनील दिवा जवळजवळ निरुपयोगी. तिथे जाळी हवी. उलट हे किरण अति झाले तर घात होतो. १९९४ मध्ये अँड्र्यू ब्लॉस्टाईन आणि सहकाऱ्यांनी ओरेगॉनमधील प्रयोगांत दाखवून दिले, की काही जातींच्या बेडकांची अंडी या किरणांनी मरतात. म्हणून पेटीत उजेडाची जागा आणि दाट सावलीची जागा दोन्ही असाव्या लागतात. निवड बेडकाने करायची.

याच दशकात काचपेटीतून एक भयंकर बातमी बाहेर आली. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका निळ्या विषारी बेडकाच्या त्वचेतून एक अज्ञात बुरशी वेगळी करण्यात आली, आणि १९९९ मध्ये तिचे ‘बॅट्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस’ असे नामकरण झाले. ही बुरशी त्वचेचे क्षारसंतुलन बिघडवते आणि अखेरीस बेडकाचे हृदय थांबते. जगभरातील शेकडो जातींच्या ऱ्हासामागे ती आहे, आणि बेडकांच्या व्यापारासोबत ती देशोदेशी पोचली. २०१३ मध्ये नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी उत्तर पश्चिम घाटातील, म्हणजे आपल्या सह्याद्रीतील, प्रदेशनिष्ठ बेडकांवरही तिचा संसर्ग नोंदवला. मात्र तो प्रकार आशियातला स्थानिक होता. परका, अधिक घातक प्रकार आंबोलीसारख्या ठिकाणी पोचला तर काय होईल, ही भीती पोकळ नाही. २००९ मध्ये वर्णन झालेला आंबोलीचा टोड फार थोड्या क्षेत्रातच आढळतो. पेटीतले पाणी उघड्या गटारात वा तळ्यात ओतणे ही क्षुल्लक बाब नाही, ती यामुळे.

आणि इथेच उष्णतेच्या इतिहासाला वळण मिळते. या बुरशीला १७ ते २५ अंश मानवतात. २८-३० च्या पुढे ती कोमेजते. २०२४ च्या जूनमध्ये अँथनी वॉडल आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये ऑस्ट्रेलियातील प्रयोग प्रसिद्ध केला. काळ्या रंगवलेल्या, भोके असलेल्या विटा लहान हरितगृहांत रचून ठेवल्या. बेडूक आपण होऊन त्या उबदार भोकांत जाऊन बसले, त्यांचा संसर्ग ओसरला, आणि असे बरे झालेले बेडूक पुढे थंड हवेतही रोगाला अधिक तोंड देऊ शकले. वॉर्डच्या बाटलीपासून निघालेली काच आणि ऊब ही जोडी बेडकाचे औषध झाली.

या इतिहासाचे ओझे पेटी ठेवणाऱ्यावर आहे. विषारी बेडकांच्या अनेक जाती १९८७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात अशा विदेशी जातींसाठी स्वतंत्र अनुसूची आली आणि त्यांची नोंदणी बंधनकारक झाली. भारतातील बेडूक पकडून पाळण्याचा तर विचारही नको. तंगड्यांच्या निर्यातीवर १९८७ मध्ये बंदी घालावी लागली, इतके आपण ते आधीच ओरबाडले होते.

मुनिरकेच्या विद्यार्थ्याला बेडूक पाहायचा असेल, तर पहिल्या जोरदार पावसानंतर शेजारच्या अरवलीच्या खडकाळ रानात डबक्याकाठी जावे. तिथे ऊब, उजेड आणि ओल यांचा हिशेब पाऊसच ठेवतो. आपण दोनशे वर्षे काचेत जे जमवू पाहत आहोत ते किती नाजूक आहे, हे त्या डबक्याशी उभे राहिल्यावर कळते. म्हणूनच आधी ते डबके वाचवायला हवे.

#विज्ञानाचा_इतिहास #बेडूक #सह्याद्री