पहिलं किट आणि कलम पासष्ट

मागच्या महिन्यात न्यू जर्सीहून आमच्या भाच्याचा फोन आला. "मामा, घरी बीअर करून पाहायची म्हणतो. पहिलंच किट घ्यायचंय, कोणतं घेऊ?" जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न! पण विचारलं आहे तर उत्तर द्यावं, म्हणून आम्ही चार दिवस वाचन केलं.

नवख्या माणसाने धान्य शिजवण्याच्या भानगडीत पडू नये, असं आमचं मत झालं. तयार मॉल्टचा पाक असलेलं किट घ्यावं. झाकणाची मोठी बादली, आतला वायू बाहेर सोडणारा पण हवा आत न येऊ देणारा एअरलॉक, हॉप्स, यीस्टची पुडी आणि गोडी मोजायला हायड्रोमीटर, एवढं असलं की झालं. सुरुवातीला काटा १.०५०च्या आसपास असतो, तो १.०१०पर्यंत उतरून दोन-तीन दिवस तिथेच थांबला म्हणजे साखरेचं काम संपलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जंतुनाशक. पाश्चरने १८७६ साली बीअरवर अख्खा ग्रंथ लिहिला. त्याचं सार आमच्या आजीला लोणच्याच्या बरणीवरून ठाऊक होतं : ओला चमचा घालू नका.

फोन ठेवला आणि मनात आलं, हीच बादली आम्ही इथे अकोटात आणली तर? महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचं कलम ६५ पाहा. परवान्याशिवाय मादक पेय तयार करणं सोडाच, ते तयार करण्यासाठीचा माल, भांडी, उपकरणं जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. म्हणजे भाच्याला जे वाढदिवसाची भेट म्हणून मिळतं, ते मामाच्या घरात मुद्देमाल ठरतं.

आता ही गोष्ट आपल्या सातपुड्याला लावून पाहा. पोपटखेडच्या बाजूने वर गेलं की नरनाळा, त्यापलीकडे मेळघाट. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे गळतात, बाया-पोरं टोपल्या घेऊन वेचायला जातात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून जास्त साखर. पाण्यात भिजवून काही दिवस ठेवली की सडवा तयार होतो. यीस्टची पुडी विकत आणावी लागत नाही, ते फुलासोबत आणि हवेतून येतंच. मग चुलीवर मडकं, नळी, वरून गार पाणी, आणि पहिल्या धारेची. कोरकू माणसाच्या लग्नात, सणात, देवापुढे ती लागते. त्याचं 'पहिलं किट' त्याला कोणी विकलेलं नाही. आणि दर उन्हाळ्यात पेपरात ओळी येतात : इतके लिटर सडवा नष्ट, एकाला अटक.

ही ओळ आली कुठून? कौटिल्यापासून सुरुवात करू. अर्थशास्त्रात सुराध्यक्ष हा अधिकारी आहे, दारूचा सगळा कारभार सरकारी आहे. उडीद आणि तांदळापासून 'किण्व' कसं करावं याची कृतीसुद्धा आहे. आपण 'किण्वन' म्हणतो तो शब्द तिथलाच. इतका कडक शासनकर्ता, पण कुटुंबवत्सल गृहस्थाने घरच्या कार्यासाठी श्वेतसुरा करावी, औषधासाठी अरिष्ट करावं, उत्सवात चार दिवस मोकळीक असावी, असं तो लिहितो. राज्याने सगळं ताब्यात घेतलं, तरी घरासाठी एक खिडकी ठेवली.

ती खिडकी बंद केली इंग्रजांनी, आणि कारण नैतिक नव्हतं, महसुली होतं. मुंबई इलाख्यात १८७८चा अबकारी कायदा आला. गावोगावच्या भट्ट्या मोडून ठरलेल्या जागी दारू गाळायची आणि गॅलनवर कर घ्यायचा, असं धोरण. १८९२ साली तर ठाणे-कुलाब्यासाठी खास मोहफुलांचा कायदा केला. दारू नव्हे हं, फूल! जे झाडावरून आपोआप पडतं ते जवळ बाळगण्यावर बंधन. आपला वऱ्हाड तेव्हा मुंबईत नव्हता. १८५३ साली निजामाकडून कंपनीच्या ताब्यात आलेला, १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेला. १९३८ साली मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारने दारूबंदीचा कायदा केला. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे १९४९चा मुंबईचा कायदा आपल्यालाही लागू झाला. साहेबाचा हेतू तिजोरीचा, आपला हेतू घटनेच्या ४७व्या कलमातला, लोकांच्या आरोग्याचा. पण कोरकूच्या मडक्याला हा फरक कसा कळावा? शिपाई त्याच दारातून येतो.

इथे कुणी म्हणेल, सर, तुम्ही दारूची वकिली करता काय? नाही. २०१५ साली मालवणीत शंभरावर माणसं मेली ती मिथेनॉलने, हे विसरून चालणार नाही. गडचिरोलीत १९९३ साली बंदी आली ती लोकांनी, विशेषतः बायांनी लढून आणली. नवऱ्याच्या दारूने घर बसलेल्या बाईला 'संस्कृती' म्हणून मोहाचं कौतुक ऐकवायला आम्ही धजणार नाही. आमचा प्रश्न लहान आहे. विकणारा आणि स्वतःपुरतं करणारा, यांत कायदा फरक करतो की नाही?

अमेरिकेने तो १९७८ साली केला. कार्टर यांनी सही केली आणि पुढच्या फेब्रुवारीपासून दोन प्रौढांच्या घराला वर्षाला दोनशे गॅलन बीअर घरच्यापुरती, करमुक्त. गाळलेल्या दारूला मात्र ती सूट नाही, म्हणून मोहाशी तुलना सरळ बसत नाही. सरळ बसते ती शेजारी. आपल्या मेळघाटाला लागून बैतूल, खंडवा, बुऱ्हाणपूर. तिकडे मध्य प्रदेशात अनुसूचित जमातींना घरगुती वापरापुरती आणि सण-समारंभापुरती मोहाची दारू गाळायला ठरावीक मर्यादेत सूट आहे. म्हणजे एकाच गोताचे दोन कोरकू व्याही, एक सीमेच्या पलीकडे, एक अलीकडे. लग्न पलीकडे लावलं तर कार्य, अलीकडे लावलं तर कलम! महाराष्ट्राने २०२१ साली मोहफुलं वेचण्या-साठवण्यावरची बंधनं सैल केली, हे चांगलंच झालं. फूल सुटलं, मडकं अजून अडकलेलं आहे.

भाच्याने किट घेतलं, आम्ही सांगितलं तसं पाकाचंच. तीन आठवड्यांनी पुन्हा फोन. "मामा, आंबट झाली सगळी." आम्ही विचारलं, चमचा घातला होता का? म्हणाला, "चव पाहायला, एकदाच."