माकडताप : संदर्भमाहितीची पडताळणी

माकडताप, म्हणजेच क्यासनूर जंगलज्वर, हा गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होणारा रक्तस्रावी विषाणुज्वर असून, शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात 1957 साली माकडे मोठ्या संख्येने मरू लागली आणि पाठोपाठ आसपासच्या गावांतील माणसेही तापाने आजारी पडली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) तो ओळखला. पीतज्वर भारतात शिरला की काय, ही प्रारंभीची शंका तपासणीअंती खोटी ठरली. या रोगाविषयीच्या पडताळणीचा इतिहास असा त्याच्या शोधापासूनच सुरू होतो.

कोल्हापूरच्या वाचकाला सर्वांत आधी तपासावा लागतो तो प्रसारक्षेत्राचा तपशील. जुन्या ग्रंथांत हा रोग केवळ कर्नाटकातील काही जिल्ह्यांपुरता असल्याचे लिहिलेले असते, आणि ते लिहिले गेले त्या काळी बरोबरही होते. मात्र 2012 नंतर तो निलगिरी आणि वायनाड येथे, 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, तर 2016 मध्ये सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग तालुक्यात आढळला. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याची हद्द दोडामार्गाला भिडते, घाटमाथ्यावरचे जंगल व काजूच्या बागा दोन्हीकडे आहेत, आणि गोचिडीला जिल्ह्याची सीमा कळत नाही. याउलट सौराष्ट्र-कच्छमधील जुन्या सर्वेक्षणांत काही लोकांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे (संसर्गानंतर शरीरात तयार होणारी संरक्षक प्रथिने) सापडली, एवढ्यावरून तेथे रोग आहे असे म्हणता येत नाही, कारण एकाच कुलातील विषाणूंची प्रतिपिंडे चाचणीत परस्परांशी जुळू शकतात. चीनच्या युनान प्रांतातील नोंद तर त्याहून नाजूक आहे : 2009 साली जाहीर झालेल्या तेथील विषाणूचा जनुकीय अनुक्रम 1957 च्या मूळ नमुन्याशी इतका जवळून जुळतो की प्रयोगशाळेतील भेसळीची शंका घेतली गेली, तरीही काही याद्यांत चीनचे नाव निःशंकपणे येते.

मृत्युप्रमाण, म्हणजे निदान झालेल्या रुग्णांपैकी दगावणाऱ्यांची टक्केवारी, बहुधा 3 ते 5, तर काही ठिकाणी 2 ते 10 अशी दिली जाते. हा मतभेद दिसतो तेवढा गंभीर नाही. पूर्वी रुग्णालयात पोहोचलेले अत्यवस्थ रुग्णच मोजले जात, आता विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या आरटी-पीसीआर चाचणीमुळे सौम्य रुग्णही गणतीत येतात आणि भागाकारातला छेद वाढतो. वर्षाला 400 ते 500 रुग्ण हा सर्वत्र उद्धृत होणारा आकडाही दीर्घकालीन सरासरीच आहे, कारण 1983-84 च्या साथीत दोन हजारांवर लोक आजारी पडले होते.

सर्वाधिक घातक चूक लशीविषयी होते. फॉर्मलिनने निष्क्रिय केलेल्या विषाणूची लस 1990 च्या दशकाच्या आरंभीच्या चाचणीत दोन मात्रांनंतर 93.5 टक्के परिणामकारक ठरली होती, पण 2005 ते 2010 या काळातील कर्नाटकातील अभ्यासात तीच परिणामकारकता 62.4 टक्के, आणि वर्धक मात्रेसह 82.9 टक्के, एवढीच भरली. पुढे तिच्या उपयुक्ततेवरच प्रश्न उभे राहून 2022 मध्ये वापर थांबला, तरीही प्रतिबंधाच्या सदरात लशीचे नाव अजूनही पहिले छापले जाते.

प्रसाराच्या सदरात दोन गोष्टी पाहाव्यात : माणसाकडून माणसाला हा रोग होत नाही, आणि गाई-म्हशींच्या अंगावर प्रौढ गोचिडी पोसल्या जात असल्या तरी दुधातून तो पसरत असल्याचा पुरावा नाही. विषाणूच्या वर्गीकरणात प्रजातीचे नाव आता ऑर्थोफ्लेव्हिव्हायरस क्यासनुरेन्से असे आहे. फ्लेव्हिव्हायरस हे जुने प्रजातिगणाचे नाव आढळले तर तो मजकूर अलीकडच्या बदलापूर्वीचा समजावा. रोगाचा हंगाम नोव्हेंबर-डिसेंबर ते मे असा, म्हणजे गोचिडीच्या अपक्व अवस्था जंगलात सक्रिय असतात त्या काळात असतो. या रोगावर विशिष्ट विषाणुरोधक औषध नाही. अंगभर कपडे, गोचीडरोधक तेल आणि मेलेल्या माकडाची तातडीने आरोग्य विभागाला खबर, हेच आजचे उपाय आहेत.